न्यूयॉर्कचं मॅक्सॉर्लीज: आयरिश माणसाचा पब, पण आत्ता नक्की कोणाच्या घरचा?

जर्सीकर
नमस्कार मंडळी. मॅनहॅटनमधे ईस्ट सेव्हन्थ स्ट्रीटला १५ नंबरला मॅक्सॉर्लीज ओल्ड एल हाउस म्हणून जुना आयरिश पब आहे. ऑफिसमधला एक आयरिश मित्र म्हणाला की जॉन मॅक्सॉर्ली नावाच्या माणसाने आयर्लंडहून येऊन १८५४ ला तो काढला आणि अजून फॅमिलीच चालवते. पण आत्ताच्या मालकांचं आडनाव तर मॅक्सॉर्ली नाहीये, मग फॅमिली कुठली? आणि १८५४ खरं का? पुढच्या महिन्यात पुण्याहून भाऊ येतोय, त्याला जुन्या जागांचं भयंकर वेड आहे, त्यामुळे जायच्या आधी नीट माहिती हवीय.

पिंपळपार
जॉन हा आयर्लंडमधल्या टायरोन परगण्यातला. १८४५ पासून बटाट्याचं पीक सडायला लागलं आणि आयर्लंडमधे साधारण दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगराईने गेली, जवळपास तेवढीच देश सोडून गेली, त्या लोंढ्यातच हाही १८५१ ला लिव्हरपूलहून जहाजाने न्यूयॉर्कला आला. मग पब काढला, वरच्या मजल्यावर बिऱ्हाड आणि खाली धंदा, १८८८ ला ती अख्खी बिल्डिंगच विकत घेतली. चीज, क्रॅकर्स आणि कच्चा कांदा हे तिथलं खाणं, कांद्यावर त्याचा स्वतःचा भारी जीव होता. १९१० मधे म्हातारा होऊन गेला.

मुलगा बिल. त्याला वडिलांनी ठेवलंय तसंच सगळं ठेवायचं होतं, खुर्ची हलवायची नाही, भिंतीवरचं काही काढायचं नाही. दारूबंदी आली तरी दार बंद केलं नाही, नावाला कमी अल्कोहोलची बिअर, पण तळघरात खरी एल (बिअरचाच एक प्रकार) बनायची असं सांगतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथून पुढे आहे. १९३६ ला बिलने पब विकला तो डॅनियल ओकॉनेलला, हा पोलिसातला माणूस आणि तिथलंच जुनं गिऱ्हाईक. तो १९३९ ला वारला आणि पब मुलीकडे गेला, डोरोथी ओकॉनेल कर्वन. तिचा नवरा हॅरी गल्ल्यावर बसायचा. हा हॅरी १९६४ मधे आयर्लंडला गेलेला असताना किलकेनीजवळ त्याची गाडी बंद पडली, तेव्हा मॅटी मेहर नावाच्या पोराने मदत केली आणि हॅरीने त्याला सांगितलं, न्यूयॉर्कला ये, नोकरी देतो. पोरगा आला, बारमागे उभा राहिला आणि १९७७ मधे मालक झाला. तो २०२० मधे गेला, पुढे त्याच्या घरचेच पब बघतायत. म्हणजे घराणी तीन, पण दर वेळी पब गेला तो ज्याला आतलं सगळं ठाऊक होतं त्याच्याच हातात. कुठल्या कंपनीने येऊन नुसती पाटी वापरली असं झालं नाही, माझ्या मते म्हणूनच लोक त्याला घरचा पब म्हणतात आणि ते बरोबरच आहे.

जुने_कागद
सालाबद्दल बोलायचं तर १८५४ हे पबवाल्यांचं म्हणणं. शहराच्या जुन्या नोंदींत १८६० आणि १८६१ ला तो प्लॉट रिकामा दिसतो, त्यामुळे ही इमारत त्याच्या नंतरची असणार हे मला पटतं. तरी न्यूयॉर्कच्या हिशोबाने फारच जुना.

दिव्यावरची हाडं मात्र नक्की दाखवा भावाला. बारच्या वर जुना दिवा आहे त्याला टर्कीच्या छातीची ती दुबेळक्यासारखी हाडं टांगलीयेत. पहिल्या महायुद्धाला निघालेल्या पोरांनी ती अडकवली, परत आल्यावर काढून घ्यायची असं ठरलेलं, जी राहिली ती न आलेल्यांची, असं सांगतात. १९४० मधल्या मासिकातल्या एका लेखात वेगळं आहे, जॉनलाच सणाच्या टर्कीची हाडं जपायची हौस होती म्हणे. दोन्ही थोडं थोडं खरं असेल. इतकी वर्षं त्यांना कोणी हात लावला नव्हता, बोटभर धूळ बसलेली, २०११ मधे आरोग्य खात्याच्या तपासणीनंतर मॅटीने स्वतः ती उतरवून धूळ झाडली, बाकी कोणाला करू दिलं नाही.

अनघा_क्वीन्स
बायकांचं कोणीच लिहिलं नाही अजून! चांगली एल, कच्चा कांदा आणि बायकांना बंदी, हे त्या पबचं ब्रीद होतं, आणि १९७० पर्यंत खरंच बंदी होती. १९६९ च्या जानेवारीत फेथ सायडनबर्ग आणि कॅरन डीक्रो या बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या दोघी आत गेल्या, त्यांना प्यायला दिलं नाही, त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या, मग ऑगस्ट १९७० मधे महापौर लिंडसेंनी अशा बंदीविरुद्धच्या शहराच्या कायद्यावरही सही केली. आणि मालक कोण होती तेव्हा, तर डोरोथी, बाईच! तिने वडिलांना शब्द दिलेला की नियम मोडणार नाही, म्हणून स्वतःच्याच पबमधे ती गिऱ्हाइकं असताना पाऊल ठेवायची नाही, आणि बंदी उठली तेव्हा पहिली बाई म्हणून तू ये असं म्हटलं तर त्यालाही नाहीच म्हणाली. मग चामड्याच्या चपला करणारी शेजारची दुकानदारीण आत गेली. मला डोरोथीचा राग पण येतो आणि वाईट पण वाटतं, तीस वर्षं स्वतःच्या मालकीचा उंबरा ओलांडायचा नाही म्हणजे काय. बायकांसाठी वेगळं टॉयलेट १९८६ ला झालं, म्हणजे सोळा वर्षं तेही नाही. आणि १९९४ ला मॅटीची मुलगी टेरेसा बारमागे उभी राहिली, तिथली पहिली बाई. वहिनी येणार असतील तर त्यांना हे आधी सांगा.

जर्सीकर
वहिनी येतेय, तिलाच जास्त आवडेल हे. एवढं सगळं सांगितलंत, खरंच आभार. खायचं-प्यायचं काय, आणि जायचं कधी?

पिंपळपार
दारूत फक्त एलच मिळते, लाइट नाहीतर डार्क, एक मागितलीत तरी छोटे दोन पेले येतात. चीजची प्लेट घ्या, त्यात कच्चा कांदा आणि मस्टर्ड असतं, मस्टर्ड नाकात जातं त्यामुळे बेताने. जमिनीवर लाकडाचा भुसा असतो, सँडल घालू नका. रोख पैसे जवळ ठेवा. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी गेलात तर बसायला जागा मिळेल आणि भिंती नीट वाचता येतील, शनिवारी संध्याकाळी मात्र नको.