बाउंड लावल्यावरही एरर का येते

मूळ धागाकर्त्याला रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत दोन टी ची बेरीज करून टी परत देणारं जेनेरिक फंक्शन लिहायचंय; टी म्हणजे कॉल करताना ठरणारा कोणताही टाइप. वर सुचवल्याप्रमाणे टी ला 'ॲड' हे ट्रेट बाउंड (म्हणजे 'या टाइपवर + चालतो' ही अट) लावलं, तरी 'अपेक्षित टी, मिळाला आउटपुट' (आउटपुट म्हणजे बेरजेच्या उत्तराचा टाइप) अशी नवीन एरर येते, असं त्याने लिहिलंय. सल्ला बरोबरच होता, फक्त अर्धा होता.

रस्टमध्ये दोन टी ची बेरीज टी च असेल, अशी हमी कुठेच नाही. स्टँडर्ड लायब्ररीतलंच उदाहरण घ्या: एका इन्स्टंटमधून (वेळेतला एक क्षण) दुसरा इन्स्टंट वजा केला की ड्युरेशन (कालावधी) मिळतो, इन्स्टंट नाही. म्हणून बाउंडमध्येच सांगावं लागतं: टी: ॲड<आउटपुट = टी>. एवढ्याने ही एरर जाईल. पुढे तेच व्हेरिएबल पुन्हा वापरलंत तर 'मूव्ह झालेली व्हॅल्यू' अशी तक्रार येईल, कारण + ऑपरेटर दोन्ही बाजूंचा ताबा घेतो. आकड्यांपुरतं काम असेल तर सरळ कॉपी बाउंड जोडा, म्हणजे व्हॅल्यू मूव्ह न होता तिची प्रत वापरली जाते.

'पण मी फंक्शन फक्त आय३२ (३२-बिट पूर्णांक) नेच कॉल करतोय' हा मुद्दा इथे लागू होत नाही. सी++ चा कंपायलर टेम्प्लेटमधला (तिथलं जेनेरिक फंक्शन) असा ऑपरेटर प्रत्यक्ष टाइप मिळाल्यावर तपासतो. रस्ट मात्र जेनेरिक फंक्शन लिहिलं तिथेच, फक्त बाउंड्स पाहून तपासतो. मला हीच पद्धत जास्त पटते; चूक लिहिणाऱ्यालाच दिसते, वापरणाऱ्याच्या माथी येत नाही.

आणि हो, हे फंक्शन स्ट्रिंगसाठी चालणार नाही. स्ट्रिंगच्या + ला उजवीकडे मजकुराचा रेफरन्स (&str) लागतो, दुसरी स्ट्रिंग चालत नाही.