मदत हवी आहे: आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) १४ जणांचा केनियात १२ दिवसांचा सेवादौरा

भायखळाकर
नमस्कार मंडळी, आणि मंडळीतल्या मंडळींना जय ख्रिस्त!
ऑगस्टमध्ये मुंबईहून नैरोबी, पुढे रस्त्याने किसुमूजवळचं एक गाव. शाळेच्या दोन वर्गखोल्या रंगवणे, मुलांची सुट्टीतली बायबल शाळा आणि एक दिवस आरोग्य शिबिर असा बेत आहे. गटात दोन डॉक्टर, सरकारी शाळेतल्या एक बाई, १८ च्या आतले दोघं आणि ६३ वर्षांचे एक काका. तिकिटं अजून काढलेली नाहीत. यलो फीव्हरचं इंजेक्शन सगळ्यांना लागेल का? ई-टीएवर (केनियाच्या ऑनलाइन प्रवास परवान्यावर) हे सगळं काम चालेल का? आणि कपडे-वह्यांची खोकी इथून न्यावीत का?

अर्धीगोळी
इंजेक्शन आधी, तिकीट नंतर. भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया लस टोचल्याचं कार्ड मागत नाही. मागतं ते परतताना मुंबई विमानतळ. केनिया यलो फीव्हरच्या देशांच्या यादीत आहे, त्यामुळे वैध कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. कार्ड वैध होतं टोचल्यानंतर दहा दिवसांनी, आणि मग तहहयात चालतं (२०१६ पर्यंत दर दहा वर्षांनी पुन्हा टोचावं लागायचं, ते आता नाही). हे इंजेक्शन नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळतं. तिथे रोजची संख्या ठरलेली असते, तेव्हा १४ जणांना एकाच दिवशी वेळ मिळेल असं धरून चालू नका.

कार्डावर पासपोर्ट नंबर लिहितात. ज्यांचा पासपोर्ट सहा महिन्यांत संपतोय त्यांनी तो आधी नवा करावा, नाहीतर कार्डावर जुना नंबर राहतो. केंद्रातून निघण्याआधी तिथेच नाव, जन्मतारीख, बॅच नंबर, शिक्का आणि स्वतःची सही तपासा. लॅमिनेशन करू नका.

काकांचं वेगळं आहे. ही जिवंत लस. साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, केमो किंवा स्टेरॉइड चालू असणं, थायमस ग्रंथीचा आजार यांपैकी काही असेल तर घेऊच नये. डॉक्टरांचं सूट-पत्र मिळतं, पण ते कार्डाच्या तोडीचं नाही. विमानतळावरचा आरोग्य अधिकारी काय ठरवेल ते खरं. काकांना नेण्याचा हट्ट नको, असं माझं मत.

किसुमू व्हिक्टोरिया सरोवराकाठी आहे, मलेरिया भरपूर. डॉक्सीसायक्लिन घेतलीत तर जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू, तिथे रोज, आणि परतल्यावरही चार आठवडे. हे शेवटचे चार आठवडेच लोक गाळतात. गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्या, लगेच आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत जळजळते. उन्हात त्वचा भाजते, तेव्हा बाहेरच्या भिंती रंगवणाऱ्यांनी लांब बाह्या घालाव्यात. सरोवरात पाय बुडवायचा मोह टाळा, बिल्हार्झिया (पाण्यातून त्वचेत शिरणाऱ्या जंतांचा आजार) होतो. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘आफ्रिकेतून आलोय’ हे सांगा. ऑगस्ट-सप्टेंबरात मुंबईत कुठलाही ताप डेंगी किंवा लेप्टोच्या खात्यात जातो.

शिक्कामोर्तब
ई-टीए जानेवारी २०२४ पासून आहे. प्रत्येकाचा वेगळा अर्ज, अल्पवयीनांचाही. शुल्क ३० डॉलरच्या आसपास. शंभर मागणारी साइट दिसली तर ती दलालाची. अल्पवयीन दोघांसोबत दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र ठेवा.

पण ई-टीए म्हणजे काम करण्याची परवानगी नव्हे. भेट, प्रार्थना इथपर्यंत प्रश्न येत नाही. शिबिर किंवा नियमित सेवा म्हटली की इमिग्रेशन स्पेशल पास मागू शकतं. तो तिथल्या यजमान मंडळीनेच काढायचा असतो, त्यांना आजच विचारा. डॉक्टरांना केनियाच्या मेडिकल कौन्सिलचा तात्पुरता परवाना लागेल, वाटायच्या औषधांना वेगळी परवानगी. वेळेत होत नसेल तर इथून औषधं नेऊ नका. तिथल्या नोंदणीकृत दवाखान्याला शिबिर चालवू द्या, तुमचे लोक नोंदणी आणि रांग सांभाळतील.

बाईंचा खर्च यजमान करणार असतील तर तो परदेशी पाहुणचार ठरतो. सरकारी कर्मचाऱ्याला त्यासाठी केंद्रीय गृहखात्याची पूर्वपरवानगी लागते, अर्ज ऑनलाइन, फॉर्म एफसी-२. त्यांचा खर्च त्यांनी किंवा इथल्या मंडळीने उचलला तर हा प्रश्नच उरत नाही. खात्याकडून रजा आणि परदेशी जाण्याची परवानगी मात्र घ्यावीच लागेल. आणि यजमानांनी तिकिटांचे पैसे इकडे पाठवतो म्हटलं, तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसताना मंडळीच्या खात्यात घेऊ नका.

भायखळाकर
एफसी-२ कुणाच्याच डोक्यात नव्हतं. बाईंचा खर्च मंडळीच करेल. खोक्यांचं काय?

दोरीबंद
नेऊ नका. एकसारख्या दोनशे वह्या दिसल्या की कस्टमवाल्याला दुकानच दिसतं. जुने कपडे तर नकोच: नैरोबीच्या गिकोंबा बाजारात त्यांचे डोंगर आहेत. ऑइलपेंट विमानात चढत नाही. ब्रश, रोलर, वह्या सगळं किसुमूत मिळतं. पैसे तिथे खर्चले तर गावालाही बरं.

प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे. आपल्याकडे चपला एका पिशवीत, ओले कपडे दुसरीत, चिवडा तिसरीत, त्यावर गाठ. बॅग भरून झाली की पुन्हा उघडून या पिशव्या काढा, कापडी घाला.

आफ्रिका म्हणजे उकाडा हे डोक्यातून काढा. नैरोबी सतराशे मीटरवर आहे, ऑगस्टच्या रात्री १२ अंशांपर्यंत उतरतात. प्रत्येकी एक स्वेटर हवा. नैरोबी-किसुमू साधारण ३५० किलोमीटर, सात-आठ तास. रात्रीचा प्रवास ठेवू नका. विमान रात्री उतरत असेल तर मुक्काम नैरोबीतच. प्लगच्या पिना तिथे चौकोनी, तीन. १४ जणांत पाच अ‍ॅडॅप्टर पुरतात.

भायखळाकर
इंजेक्शनच्या वेळा उद्या सकाळी घेतो. काकांशी पाळकसाहेब बोलतील.