कथा परत आली, शेरा : 'भाषा जड आहे'. काय करू?

मोगरी : दिवाळी अंकाला पाठवलेली कथा साभार परत आली. विषय आवडला म्हणे, पण भाषा जड. पहिलंच वाक्य देते : 'आजीच्या निधनाच्या बातमीच्या धक्क्याने व्यथित झालेल्या सुमनच्या नेत्रांतून अश्रू वाहू लागले.' मला तर बरं वाटतंय. कुठे चुकतंय?

खिळेजुळारी : ताई, बरीच वर्षं मुद्रितं तपासतोय, तेव्हा स्पष्ट लिहितो, राग मानू नका. 'च्या' मोजा. चार आहेत, त्यातले तीन तर पाठोपाठ. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे त्याच्याआधी जेवढं कोंबाल तेवढा वेळ वाचणारा श्वास धरून बसतो. वाक्य मोठ्याने वाचा, दम कुठे लागतो ते कळेल. 'नेत्र' आणि 'व्यथित' तर काढाच. घरात कुणी म्हणतं का, नेत्र चुरचुरतायत? आणि सुमनला दुःख झालं हे तुम्ही कशाला सांगताय? फोन आला तेव्हा ती काय करत होती, ते लिहा.

ताकभात : +१. शिवाय 'द्वारे' आणि 'करण्यात आले' दिसलं की खोडा. 'पोलिसांद्वारे गाडी थांबवण्यात आली' हा सरकारी खाक्या. पोलिसांनी गाडी थांबवली, संपलं.

मोगरी : आणि 'केले' लिहू की 'केलं'? घरात यावरून वाद झालाय.

खिळेजुळारी : साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या १८ नियमांप्रमाणे पात्राच्या तोंडी 'केलं', एरवी 'केले'. निवेदक 'मी' असेल तर मी सगळीकडे 'केलं' चालवून घेतो. एकाच परिच्छेदात दोन्ही आलं की मात्र लाल पेन निघतं.

ओसरी : जड भाषेचा एवढा धसकाही नको हं. कीर्तनकार बुवांच्या तोंडी 'नेत्र' शोभतात की!

मोगरी : पुन्हा लिहिलं : 'सुमन चहा गाळत होती. काकांचा फोन आला. आजी गेल्याची दुःखद बातमी त्यांनी दिली. ती गाळतच राहिली. कप भरला, बशी भरली, चहा ओट्यावर आला.'

खिळेजुळारी : ओटा झकास! 'दुःखद बातमी' तेवढी वर्तमानपत्राला परत करा. काका फोनवर नेमकं काय म्हणाले?

मोगरी : 'आई सुटली गं.'

खिळेजुळारी : मग तेच लिहा ना.