गोळ्या संपल्या, टीबी गेला, मग दम का लागतो?

सावळजची सूनबाई:
वय ३४, तासगाव तालुका. दिवाळीत सहा महिन्यांच्या गोळ्या पूर्ण झाल्या, शेवटचा बेडका निगेटिव्ह आला. ताप नाही, वजनही वाढलंय. तरी कळशी घेऊन जिना चढले की वर गेल्यावर बोलता येत नाही, कठडा धरून उभी राहते. सकाळी खोकला आणि थोडा पांढरा कफ. छातीच्या फोटोत उजवीकडे वर डाग तसाच आहे. सासूबाईंनी माझं ताट-तांब्या पुन्हा वेगळं केलंय. डाग आहे म्हणजे रोग आहे, असं त्यांचं म्हणणं. भाऊजींना मी कामचुकार वाटते. आमची बेदाण्याची शेड आहे, आता रॅकवर माल पडेल. टीबी परत आलाय, की हे असंच राहणार?

मिरजेची फिजिओ:
ताई, जंतू मेले तरी तिथलं फुप्फुस आक्रसून राहतं, व्रणासारखं. तो डाग फोटोत जन्मभर दिसू शकतो. काहींच्या श्वासनळ्या कायमच्या रुंदावतात, कफ साचतो आणि सकाळी खोकला येतो. पण 'परत आलेला नाही' हे इथे बसून कुणी सांगू नये, बेडका पुन्हा द्या. उपचारानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. सीबीनॅट, म्हणजे बेडक्यात जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी मशीनवरची तपासणी, मात्र मेलेल्या जंतूंमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून कल्चरबद्दल, म्हणजे जिवंत जंतू वाढतात का ते बघायच्या तपासणीबद्दल, विचारा.

पीएफटीही करून घ्या, म्हणजे नळीत जोरात फुंकायची तपासणी. नळ्या आखडलेल्या निघाल्या तर काहींना तोंडानं ओढायच्या औषधाच्या पंपाचा उपयोग होतो. डॉक्टर हो म्हणाले की रोज चालणं वाढवा. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिका. कळशी उचलताना श्वास कोंडायचा नाही, सोडायचा. सहा-आठ आठवडे नेटानं केलं तर बहुतेकांना जिना सोपा वाटायला लागतो, डाग आहे तिथेच असला तरी. कफात रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वाळव्याचा आबा:
पोरी, मला २०११ ला झाला हुता. तवा दिसाआड गोळ्या, त्याबी आरोग्याच्या ताईंच्या समोर गिळायच्या. बरा झालो, पण गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायला गेलो की छाती भरून यायची. मालकाला सांगून वजनकाट्यावर बसायला लागलो. पगार कमी झाला, पण रातीला झोप लागती. सासूला सांग, टीबी ताटा-तांब्यातनं लागत न्हाई, खोकल्यातनं हवेत उडतो तवा लागतो. आन् तुझ्या शेडात गंधकाची धुरी देत्यात का?

सावळजची सूनबाई:
देतो ना आबा, त्याशिवाय मालाला रंग येत नाही, रंग नसेल तर सौद्यात भाव पडतो. मी तोंडाला पदर बांधते. चालेल ना?

मिरजेची फिजिओ:
नाही चालणार. पदर सोडाच, एन-९५ मास्कसुद्धा धूळ अडवतो, गंधकाचा वायू अडवत नाही. तो निरोगी माणसालाही झोंबतो. धुरी देताना आणि नंतर खोली उघडताना तुम्ही तिथे नकोच, माल हलवायला दुसऱ्याला लावा. निवडणीला बसा, पण वारा येतो अशा जागी आणि मास्क लावून. पीएफटीचा कागद भाऊजींना वाचायला द्या.

सावळजची सूनबाई:
सोमवारी बेडका द्यायला जाते. धुरीचं काम यंदा भाऊजींच्याच गळ्यात घालते.