आजोबांनी आणलेल्या चित्राला बुरशी आली आहे, आणि ही गल्ली कुठली?

खाडीकाठची (दाभोळ):
आमचे आजोबा बोटीवर खलाशी होते. १९६२ साली त्यांनी एक जलरंगातलं चित्र आणलं. मागे पेन्सिलीने एवढं सालच आहे. गाव विचारलं की म्हणायचे, "आफ्रिकेतली गल्ली." आता ते नाहीत.

दोन माणसं जेमतेम जातील अशी वाट, चुन्याच्या भिंती, निळं दार, दारावर काळ्या खिळ्यांची नक्षी. एक खोली गल्लीवरून पलीकडच्या घराला टेकलेली, तिच्या सावलीत लाल टोपीवाला म्हातारा. मागे मशिदीचा मनोरा. लहानपणी मला ती आमची पाखाडीच वाटायची, फक्त चिऱ्यांचा तांबडा रंग कुठे गेला ते कळायचं नाही.

यंदा माजघराची भिंत पाझरली आणि काचेच्या आत बुरशी धरली. एका फ्रेमवाल्याने ओल्या फडक्याने कोपरा पुसला, तर निळा रंगच फडक्यावर आला! चित्र तसंच उचलून घरी आणलं. काय करू?

रंगपेटी:
ताई, पाण्याचा थेंबही लावू नका, उन्हातही ठेवू नका, जलरंग उडतात. मागचा पुठ्ठा काढून कागद कोरड्या, वारा खेळत्या खोलीत सपाट ठेवा. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका, जाणकाराकडेच न्या. बुरशी पूर्ण सुकली की घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने अलगद झटका. डाग राहिले तर राहू देत. नव्या फ्रेममध्ये आम्लरहित पुठ्ठा घाला, कागद आणि काच यांच्यात माउंटचं (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचं) अंतर ठेवा. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, आणि फ्रेमच्या मागे बुचाचे चार तुकडे लावा म्हणजे हवा खेळेल.

भिंग:
मला हे ट्युनिस वाटतंय, उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिशियाची राजधानी. खिळ्यांची दारं तिथली ओळखच. लाल टोपी शेशिया असावी, जुन्या शहरात ती करणाऱ्यांचा वेगळा बाजार आहे. गल्लीवरच्या खोलीला तिकडे सबात म्हणतात. पण हे सगळं इतरत्रही थोडंफार सापडतं, म्हणून मनोरा बघा. मोरोक्कोत तो बहुधा चौकोनी असतो. ट्युनिसमध्ये तुर्की अमदानीतल्या काही मशिदींचे मनोरे अष्टकोनी आहेत. १६५५ची हम्मूदा पाशा मशीद त्यातलीच. चौकोनी मनोऱ्याच्या एका वेळी दोनच बाजू दिसतात.
याच शहरात एप्रिल १९१४मध्ये पॉल क्ले आणि आउगुस्ट माके हे चित्रकार जलरंगात काम करत होते. अशा पांढऱ्या भिंतींसाठी जलरंगात बहुधा कागदच कोरा सोडतात. तुमच्या चित्रात चुना कोरा कागद आहे का?

खाडीकाठची:
हो, कोराच! बुरशी नेमकी तिथेच जास्त दिसते. फोटो मोठा करून पाहिला, मनोऱ्याच्या तीन बाजू दिसतात. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ट्युनिस... हे नाव त्यांच्या तोंडून ऐकलंय मी." कागद आता ओटीवरच्या खोलीत, पंख्याखाली सपाट ठेवलाय.