मदत हवी आहे: भाडेकरू आणि गिऱ्हाईक ब्रोकरशिवाय कसं शोधायचं?

निवांत_नाही
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. दोन टूबीएचके आहेत, एक भाड्याने द्यायचाय, एक विकायचाय आणि ते पैसे रीसेलच्या म्हणजे जुन्या फ्लॅटमध्येच परत टाकायचेत. दोन-तीन पोर्टलवर जाहिरात टाकून झाली. अर्धे फोन एजंटांचेच. जे खरे येतात ते बघतात, आवडला म्हणतात, टोकनचं बोलतात आणि दोन दिवसांनी फोनच उचलत नाहीत. भाडं मार्केटचंच आहे. डायरेक्ट पार्टी मिळते कुठे? ब्रोकर सुचवू नका प्लीज.

चहाबाज
फ्लॅट कुठल्या गावात? भाडं किती? बॅचलर चालतात का? मनकवडे नाही हो आम्ही.

निवांत_नाही
पुणे. भाड्याचा वाकडला, विकायचा रावेतला. सेमी फर्निश्ड, फॅमिली किंवा आयटीतले कोणीही चालतील.

गेटवरचा_गणू
पोर्टल सोडा. वॉचमन, इस्त्रीवाला आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, बास. कोण कधी सोडून चाललंय ते वॉचमनला सगळ्यात आधी कळतं, त्यामुळे विकणारे पण तिथूनच सापडतात. भाडेकरू मिळाल्यावर वॉचमनला खुशीने काहीतरी द्या, पुढच्या वेळी स्वतःहून फोन करेल.

आबा_६७
ब्रोकरला एवढं का घाबरता? एरियातला जुना माणूस धरा, एक महिन्याचं भाडं घेतो पण माणसं पारखून आणतो.

चहाबाज
आबा, कसली पारख, आमचा एजंट ११ महिने झाले की भाडेकरूच्या कानात दुसरा फ्लॅट सांगतो, म्हणजे दोन्हीकडून परत ब्रोकरेज.

आबा_६७
तुमचा नग तसा असेल. सगळे नसतात.

मुळशीकर
सातबारा आणि फेरफार नीट बघा, शेतजमिनीत फार फसवणूक चालते. माझ्या चुलत्यांचं तर...

चहाबाज
काका, फ्लॅट आहे.

कागदपत्री
धागाकर्ते, लोक टोकनपर्यंत येऊन पळतात म्हणजे फ्लॅटमध्ये खोट नाही, ॲग्रीमेंटचं बोलणं निघालं की काहीतरी अडतंय. ॲग्रीमेंट रजिस्टर करता ना? १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची.

निवांत_नाही
हो हो, करणारच. फ्लॅट बाबा दाखवतात, मी दुबईला असतो, त्यांना पीओए (मुखत्यारपत्र) दिलीये. त्याचा काय संबंध?

कागदपत्री
अहो हे पहिल्या ओळीत नको का लिहायला! मालक एनआरआय असला तर भाडं कितीही असो, भाडेकरूने ३१.२ टक्के टीडीएस (भाडं देतानाच कापायचा इन्कम टॅक्स) कापायचा असतो. त्यासाठी त्याने टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) काढायचा, दर तिमाहीला रिटर्न भरायचं. गुगलवर एवढं वाचलं की माणूस शेजारचाच फ्लॅट घेतो. तुम्ही कंपनी लीज शोधा, म्हणजे कंपनीच फ्लॅट भाड्याने घेते, हिंजवडीतल्या कंपन्यांच्या ॲडमिनला विचारा, त्यांच्याकडे टॅन आधीच असतो. आणि कमी टीडीएसच्या सर्टिफिकेटसाठी सीएकडून आत्ताच अर्ज करा, रावेतला पण लागेल. निवासी मालकाकडून ५० लाख किंवा वरच्या व्यवहारात १ टक्का कापतात, सर्टिफिकेट नसेल तर तुमचं बरंच जास्त कापलं जाणार आणि गिऱ्हाईकही तसंच पळेल.

गेटवरचा_गणू
कोण कापतंय एवढं, बाबांच्याच नावाने ॲग्रीमेंट करून टाका की.

कागदपत्री
फ्लॅट मुलाचा, पीओए असली तरी भाडं मुलाचंच उत्पन्न. उद्या नोटीस भाडेकरूला आली तर गणूभाऊ भरणार का?

गेटवरचा_गणू
आपण आपलं सुचवलं.

निवांत_नाही
हे एकाही एजंटने सांगितलं नाही राव. सर्टिफिकेटला किती दिवस लागतात? आणि रीसेल घेताना समोरचा भाव फुगवून सांगतोय हे कसं ओळखायचं?

कागदपत्री
आयजीआरच्या (नोंदणी विभागाच्या) साईटवर ई-सर्चमध्ये त्याच सोसायटीचे इंडेक्स टू म्हणजे झालेल्या व्यवहारांचे नोंदणी उतारे काढा, कितीला गेले ते दिसतं. सर्टिफिकेटचं सीएला विचारा, पण गिऱ्हाईक ठरायची वाट बघत बसू नका.

आबा_६७
रावेतचा कितव्या मजल्यावर? मेव्हणा बघतोय तिकडे. उन्हाळ्यात टँकर लागतो का ते खरं सांगा.