प्रति: प्रोलॉग आपोआप समांतर चालतं का?
वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय की लॉजिक प्रोग्रामिंगमध्ये (म्हणजे प्रोलॉगसारख्या भाषेत, जिथे आपण नियम लिहितो आणि उत्तर संगणक शोधतो) क्रमाला महत्त्व नाही म्हणून प्रोसेसरचे चार कोअर दिले की प्रोग्राम चौपट पळेल, ते मला अर्धंच पटतं. एका प्रश्नाचे पर्यायी नियम वेगवेगळ्या कोअरवर शोधायला देणं त्यातल्या त्यात सोपं, कारण त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. खरी गोची होते एकाच नियमातल्या दोन अटी एकदम चालवताना, दोन्हींत तोच व्हेरिएबल असेल आणि एकीने त्याला ५ दिले, दुसरीने ७, तर जुळवायचं कोणी? शिवाय मध्ये कट (उरलेले पर्याय सोडून द्या ही आज्ञा) किंवा अ‍ॅसर्ट (प्रोग्राम चालू असताना नवा नियम घालणं) आला की क्रम महत्त्वाचा झालाच.

जपानचा १९८२ मध्ये सुरू झालेला, लॉजिक प्रोग्रामिंगवर आधारलेले समांतर संगणक बनवायचा फिफ्थ जनरेशन प्रकल्प इथे कोणी काढला नाही म्हणून सांगतो, त्यांच्या केएल१ भाषेत बॅकट्रॅकिंगच (एक नियम फसला की मागे येऊन दुसरा करून बघणं) काढून टाकलं होतं. गार्ड (नियमाच्या सुरुवातीची चाचणी) पास झाला की तोच नियम पक्का, मागे फिरणं नाही, आणि व्हेरिएबलला किंमत मिळेपर्यंत प्रोसेस थांबून राहते, म्हणजे निरोप पोचवायचं काम व्हेरिएबलच करतो! फार सुंदर कल्पना आहे ही, फक्त त्यात प्रोलॉगचा आपोआप होणारा शोध गमवावा लागतो.

आणि आजच्या कामाचं बोलायचं तर, हिंजवडीत आमच्या टीमने बिलांचे नियम तपासायला एसडब्ल्यूआय प्रोलॉगचं (प्रोलॉगची एक आवृत्ती) कॉन्करंट मॅपलिस्ट वापरलं, म्हणजे यादीतल्या प्रत्येक गोष्टीवर तेच काम अनेक थ्रेडमध्ये एकदम चालवणं, तर एकेक बिल दिल्यावर साध्या मॅपलिस्टपेक्षाही हळू चाललं, कारण प्रत्येक थ्रेडचा स्टॅक (कामाची मेमरी) वेगळा आणि डेटा कॉपी होऊन जातो. बिलांचे मोठे गठ्ठे करून दिले तेव्हा कुठे फरक दिसला.